अक्काच्या हाताचा चुडा

पंचफुलामावशीनं मान फिरवली. एवढंच झालं. सरू नव्या जनरल स्टोअरच्या पायऱ्या उतरत होती, काखेत चकचकीत कागदात बांधलेलं खोकं होतं, त्यावर लाल फितीचं फूल होतं, आणि ते फूल मोडू नये म्हणून ती कोपर जरा लांब धरून, थोडी तिरपीतिरपीच चालत होती. समोरच्या बोळाच्या तोंडाशी शेगडीपुढं लाखेचे चुडे भरायला बसलेल्या पंचफुलामावशीनं तिच्याकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं, आणि मान फिरवून भिंतीकडं बघायला सुरुवात केली. रागानं नव्हे. राग असता तर सरूला चालला असता. वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून कुणाच्याही रागाला उत्तर द्यायची तिला हौसच आली होती. मावशीनं मान फिरवली ती सरूला ओशाळं वाटू नये म्हणून. जणू सरूच्या अंगावरचा पदर सरकला होता आणि तो तिनं निवांत सावरून घ्यावा. त्या भिंतीवर तरी बघण्यासारखं काय होतं? दिवाळीचा म्हणून ओढलेला चुना, आणि त्याखालून डोकावणाऱ्या विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा, झालंच पाहिजेवाल्या आणि होऊ देणार नाहीवाल्या, एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्यात अडकलेलं. मावशीला वाचता येत नव्हतं. तरी ती वाचत असल्यासारखी बघत राहिली, सरू दिसेनाशी होईपर्यंत.

मानवतच्या मोठ्या रस्त्याला त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे, आणि हवेत उडणारे कापसाचे तंतू केसांत, भुवयांत, जिलबीच्या पाकात, कुठंही जाऊन बसत. सरू त्या गाड्यांच्या कडेनं चालली होती आणि मनातल्या मनात भाषण करत होती, कारण अलीकडं तिला विचार आला की तो भाषणातच यायचा. अध्यक्षमहोदय, मी काय चोरी केली? दुकान बघितलं, आवडलं, आत गेले. आत पंखा होता. भिंतभर आरसा होता, त्यात दोन वेण्यांची, निळ्या स्कर्टातली सरू एकदम उंच दिसली. गल्ल्यावरच्या माणसानं तिला मॅडम म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी मॅडम म्हटलं आणि त्यानंतर घासाघीस करायची तिची जीभच उचलेना. त्यानं खोकं उघडून दाखवलं, मखमलीच्या खाचांत ओळीनं बसवलेल्या बांगड्या, वर पातळ प्लास्टिक. 'कुणासाठी' असं त्यानं विचारलं नाही. 'गिफ्ट हाय का' एवढंच विचारलं, आणि सरूनं हो म्हणताच कागद, फीत, कात्री सगळं असं झरझर फिरवलं की तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरींनी यंदा तिथूनच घेतलं होतं. बक्षिसाचे पैसे तिचे स्वतःचे होते. यात कुठं काय चुकलं, अध्यक्षमहोदय? ते भिंतीकडं बघत बसले होते.

ते खोकं अक्कासाठी होतं. गोदाअक्का, सरूची थोरली बहीण, राणीसावरगावला दिलेली. घरात भाऊ नव्हता. दोघीच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला अक्का आली होती, जावईसुद्धा आले होते, पण दुसऱ्या वर्षी सासूचा, सुलाबाईचा, निरोप आला: कापूस वेचायला माणसं भेटनात, आन् भाऊबिजंला ववाळायला भाऊ तरी कुठं हाय, काय लुगडंबिगडं असंल तर कुनाच्या हातानं धाडून द्या. सरूच्या वडलांनी, नानांनी, गपचूप लुगडं घेऊन धाडलं. नाना, म्हणजे किशनराव मापारी, दिवसभर कापसाच्या आडतीत काट्यापुढं उभे राहून लोकांचं वजन खणखणीत आवाजात सांगायचे, पण लेकीच्या सासरचं नाव निघालं की त्यांचा आवाज घशातच राहायचा. त्या वर्षी भाऊबिजेला माय दिवा लावून नुसतीच दारात बसली होती. सरूला ते दार अजून आठवत होतं, म्हणून यंदा बक्षीस हातात पडल्या पडल्या तिनं घरात जाहीर करून टाकलं होतं: यंदा भाऊ मी. ओवाळणी मी घालणार. माय हसली होती, नाना हसले नव्हते.

घरी आल्यावर मायनं, सुमनबाईनं, पीठ मळता मळता कोपरानं पदर सावरत खोक्याकडं पाहिलं. "बाई बाई, काय झ्याक बांधलंय. फोडूसं वाटंना."

"फोडायचंच न्हाई," सरू म्हणाली. "अक्का फोडंल."

"दत्तराव जायलेत परवा मुक्कामाच्या गाडीवर. त्यांच्यापाशी दिलं की थेट तिच्या हातात. बरं झालं बाई. तिला यायची कटकट न्हाई, तिच्या सासरच्यांना बोलायला जागा न्हाई." शेजारचे दत्तराव एसटीत कंडक्टर होते, त्यांची पाळी राणीसावरगावच्या गाडीवर असे, आणि त्यांच्या तिकिटांच्या पेटीबरोबर गल्लीतल्या किती तरी लेकींची लुगडी, लाडू आणि निरोप गंगाखेडच्या बाजूला जात असत.

सरू करंज्यांच्या पारीवर सारण घालायला बसली. कडा दुमडायची, चिमटा घ्यायचा, पुढं सरकायचं. हे काम अक्काचं. अक्काच्या करंजीची मुरड अशी पडायची की मायसुद्धा आपली करंजी तिच्या करंजीखाली लपवून ठेवायची. सरूच्या करंज्या तेलात उघडायच्या. आता तिच्या बोटांत पारी होती आणि डोळ्यांपुढं ती फिरवलेली मान होती, आणि त्या मानेच्या मागून हळूहळू दुसरंच काही वर यायला लागलं, जसं शेगडीवर धरलेल्या लाखेतून आधी वास वर येतो आणि मग रंग. अक्काच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पंचफुलामावशी शेगडी घेऊन घरी आली होती. लाखेचा चुडा काही काचेच्या बांगडीसारखा दुकानात टांगून ठेवता येत नाही. काडीवरची लाख निखाऱ्यावर मऊ करायची, फळीवर लाटून पट्टी ओढायची, तिच्यावर चमचमते मणी दाबायचे, आणि ती गरम आहे तोवर, खाली ओल्या फडक्याची घडी ठेवून, मनगटावरच तिची दोन्ही टोकं जोडून टाकायची. अक्का हात मागं घ्यायला लागली. मावशी म्हणाली, "हात सोड. नवऱ्याला काय म्हनून हाक मारनार तू, सांग बरं." अक्का लाजून लाल झाली, "आहो म्हनीन," म्हणाली, "आहो तर समदेच म्हनतेत, तू येगळं काय म्हनशील," असं मावशीनं तिला बोलत ठेवलं, आणि अक्का काही तरी वेगळं शोधत असतानाच चुडा जुळून गेला होता. तिला कळलंसुद्धा नाही. सरूनं भोकाड पसरलं म्हणून उरलेल्या लाखेची एक दोऱ्याएवढी बांगडी तिलाही मिळाली. मावशीपुढं हात धरून बसलं की गप्प बसताच यायचं नाही. लाखेला वेळ लागायचा, आणि तेवढ्या वेळात बायका आपलं सगळं सांगून टाकायच्या, कुणाचा नवरा बोलत नाही, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या सासूनं तुपाचं भांडं वर ठेवलंय. सरूला लहानपणी वाटायचं, बायका तिथं बोलायला जातात आणि चुडा आपला असाच, जाता जाता भरून होतो.

आणि तेव्हा, सारणाचा चमचा हातात तसाच राहून, सरूला दिसलं. खोक्याला मनगट लागत नाही. किती साधं होतं. खोकं दत्तरावांच्या पेटीबरोबर जाईल, सुलाबाई ते घेतील, चांगलं आहे म्हणतील, अक्काला देतील, अक्का वेचणीला जाईल. कुणाला कुठं यावं लागणार नाही. ती भाऊ होऊन मिरवत दुकानात गेली होती आणि आपल्याच पैशांनी तिनं अक्काच्या न येण्याला लाल फीत बांधून आणली होती. करंजीची कड उघडीच राहिली आणि मायनं ती हातातून काढून घेतली.

"हे खोकं तुला," सरू म्हणाली.

"मला? येडी का खुळी. या वयात मखमलीतल्या बांगड्या?"

"पाडव्याला घाल. अक्काला दुसरं करायलेय मी."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती बोळाकडं वळली. वळण्याआधी दोनदा पुढं गेली आणि परत आली. दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेली एक फळी, वर पोत्याचं छत, शेगडी, पाण्याचा गडवा, आणि हात ठेवायला एक तेलकट उशी. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर, दुपारच्या वेळी, कुणीच नव्हतं. सरूला एकदम ते सगळे हात आठवले, रांगेत बसलेले, हळदीचे, शेणाचे, शाईचे हात, आणि वाटलं की त्या सगळ्या हातांना कुणी तरी मखमलीच्या खाचांत ओळीनं बसवून वरून प्लास्टिक लावून टाकलं आहे. मावशी शेगडीतली राख काडीनं उकरत होती. तिनं खोक्याचं नाव काढलं नाही. "ये. उन्हातनं आलीस. पानी पी. कितवीला हायेस आता?"

"धाव्वीला."

"भाषन करतीस म्हनं लय. बायका सांगायल्या. कर की मला."

सरू उशीशेजारी टेकली. "मावशी, अक्काला चुडा करायचाय. भाऊबिजंला."

"करू की. आनलंस का तिच्या हातातलं काही, मापाला?"

"न्हाई आनलं."

"मंग कसं गं?"

"मापाला तिलाच यावं लागंल," सरू म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिचा तिलाच धक्का बसला, कारण हे भाषण नव्हतं, पाठ केलेलं नव्हतं. "तुमचा चुडा पाठवता येत न्हाई ना. हात लागतोच ना त्याला?"

मावशीनं काडी राखेतच ठेवली. बराच वेळ ती सरूकडं बघत राहिली, कालची सगळी न बघितलेली बाकी फेडावी तशी. मग तिच्या तोंडावर जे हसू पसरलं त्यात पुढचे दात नव्हते आणि ते फारच सुंदर होतं. "लागतोय की. हाताबिगर कसा व्हईल? तसं केलं की लाख तडकती. सांग त्यांना. तडकती म्हनावं, आन् सणासुदीला तडकलेलं बरं नसतंय."

"खरंच तडकती का?"

"म्हनायला काय जातंय."

"आन् सासूचा पन करायचा. सुलाबाईचा."

"तिचा कशाला?"

"म्हंजी ती आडवणार न्हाई. तिलाच यावं लागंल."

"आगं माय," मावशी म्हणाली, "तू तर लय पोचलेली निघालीस."

निरोप दत्तरावांच्या तोंडून गेला. सरूनं तो त्यांच्याकडून म्हणवून घेतला, पुन्हा म्हणवून घेतला, शेवटी ते वैतागले. "पोरी, मी समद्या गाडीची तिकिटं ध्यानात ठिवतो, तुझी एक लाख ठेवतो की." नानांना कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "आपन बोलवायचं, त्यांनी न्हाई म्हनायचं, आन् मंग तुझ्या मायनं दारात बसायचं," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच सरूला तो सहन होईना. ती बाहेर गेली, वर्गातल्या पोरींच्या घरोघर फिरली, आणि त्या रिकाम्या उशीपाशी त्यांना ओढून ओढून नेऊन बसवलं. पोरी आधी कुरकुरल्या, जुनाट आहे म्हणाल्या, आणि मग मावशीनं एकीचा हात धरून "तुला कोन आवडतंय सांग" म्हटल्यावर उठायला तयार होईनात. ते दिवस सरू असेच घालवत राहिली, काही ना काही करत, बोलत, हसत, कारण गप्प बसलं की छातीत एसटी थांबल्याचा आवाज यायचा आणि त्यातून कुणीच उतरायचं नाही.

भाऊबिजेला दुपारी एसटी थांबली आणि त्यातून आधी सुलाबाईची पिशवी उतरली, मग सुलाबाई, आणि मग अक्का. सरू धावली. धावता धावता तिनं पाहिलं की अक्का तिच्याएवढीच झाली आहे, किंवा तीच अक्काएवढी, आणि मिठी मारल्यावर अक्काचे खांदे हाताला असे लागले जसे रिकाम्या बाजेचे लाकडी गाते लागतात. "उंच झालीस गं," अक्का म्हणाली. तिचा आवाज तोच होता. सुलाबाई बाजूला उभ्या राहून पदरानं मान पुसत होत्या. "ती लाख कुठं हाय आधी ते दाखवा," त्या म्हणाल्या. "सणाचं तडकतंय म्हनल्यावर आले बाई. उद्या पहाटच्या गाडीनं दोघीबी माघारी. कापूस फुटून उभा हाय." माय त्यांच्या पायावर पाणी घालत होती, नाना खणखणीत आवाजात, काट्यापुढं उभं असल्यासारखे, "या, या" म्हणत होते.

पाटावर सरू बसली. डोक्यावर काही तरी हवं म्हणून नानांनी आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली, ती कानांपर्यंत खाली आली. अक्कानं ओवाळलं. निरांजन सरूच्या तोंडापुढून फिरत होतं आणि ते धरणारा हात सरू बघत होती. लग्नातला चुडा अजून त्या हातात होता, पण तो मनगटावर नव्हता. हात वर उचलला की तो सरसर खाली येऊन कोपराशी बसत होता, हात खाली केला की पंजापर्यंत येऊन थांबत होता. इतका घट्ट बसवलेला चुडा. ओवाळणीचं ताट पुढं आलं. "भाऊराया, काय घालतो?" अक्कानं विचारलं, आणि सुलाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. "बोळात चल, मंग सांगतो," सरू म्हणाली.

मावशीची शेगडी धगधगत होती. बोळातून तिसऱ्या प्रहराचा कोरडा वारा येत होता, मावशीनं पिळून दोरीवर टाकलेलं फडकं बघता बघता वाळून कडक झालं होतं आणि हलत होतं. अक्का बसली, उशीवर हात ठेवला. मावशीनं तो हात धरला. नुसताच धरला. अंगठ्यानं मनगटाची हाडं चाचपली, जुना चुडा कोपरापर्यंत सरकवून पाहिला, खाली येऊ दिला. पहिल्यांदाच तिनं कुणाला बोलतं केलं नाही. मग लाख निखाऱ्यावर धरली, ती मऊ झाली, चकाकली, पट्टी ओढली, अक्काच्या मनगटावर ठेवली, दाबली, आणि सोडून दिली. टोकं आपली उघडीच. पुन्हा धरली, पुन्हा सोडली. सरू जवळच बसली होती, तिला दिसत होतं की मावशीची बोटं टोकांवर टेकतात पण दाबत नाहीत.

"धरंना," मावशी म्हणाली.

"का गं?" सुलाबाईंनी विचारलं.

"हवा दमट हाय बाई."

सरूनं दोरीवरच्या वाळक्या फडक्याकडं पाहिलं. तिचं तोंड उघडलं, सवयीनं. मग मिटलं. तिला वाटलं, आपण आतापर्यंत जेवढं बोललो त्या सगळ्यापेक्षा हे मिटलेलं तोंड जड आहे, आणि ते नीट धरून ठेवायला पाहिजे.

"मंग?" सुलाबाई म्हणाल्या.

"मंग काय. तुळशीच्या लग्नापतुर हवा उतरती. तवर रोज थोडं थोडं बसवावं लागंल. पोरीला ठेवून जावा इथं. हाताला जरा भर यिऊ द्या, मंग लाखबी धरती." हे ती सुलाबाईकडं न बघता, शेगडीकडं बघत म्हणाली. अक्का मान खाली घालून बसली होती, तिच्या मानेवरच्या बारीक केसांत कापसाचा एक तंतू अडकला होता आणि थरथरत होता. सुलाबाईंनी फडक्याकडं पाहिलं. बोळावरच्या कोरड्या, निळ्या आभाळाकडं पाहिलं. सरूला वाटलं, झालं, संपलं. कापूस, गाडी, पहाट, सगळं आता त्यांच्या तोंडून येणार.

सुलाबाई खाली बसल्या. गुडघे कटकटले. "आमच्या म्हायेरला, वसमतला," त्या म्हणाल्या, "एक म्हातारी चुडे भरायची. तिचीबी लाख अशीच धरायची न्हाई. माझी सासू म्हनायची, कसली कारागीर ही, फुकट नाव झालंय." त्या थांबल्या. "मला दर वर्साला पंधरा दिस लागायचे." अक्काकडं त्यांनी पाहिलं नाही, पण हात लांब करून तिच्या मानेवरचा तो तंतू काढून टाकला. "ऱ्हा तू. वेचनीचं बघू काय तरी. आता माझा भर बाई. मला कोन ठेवून घेतंय, माझ्या हाताला धरंल लाख."

त्यांनी उशीवर हात ठेवला. काळा, चिरा पडलेला, बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेला हात. मावशीनं लाख तापवली, पट्टी ओढली, मनगटावर ठेवली. बोटं टोकांपाशी गेली. बोटं टेकली, आणि तशीच टेकून राहिली.

"न्हाई धरत," पंचफुलामावशी म्हणाली. "तुमचीबी न्हाई."

सुलाबाईंनी हात उशीवरून उचलला नाही.